तहानेची शिकवणी

अकरा नंबरची बकरी पाण्याच्या टाकीशेजारी तहानेनं मेली, आणि विशाखा रामटेकेला त्या मरणाचा आनंद झाला.

आनंद लपवावा एवढी ती सभ्य नव्हती. प्रयोगशाळेचं दार ढकलून ती बाहेर धावली आणि कॉरिडॉरमध्ये चहा पीत उभा असलेल्या नौशाद शेखला जाऊन धडकली. त्याच्या कपातला अर्धा चहा त्याच्याच शर्टावर गेला.

"सापडलं!"

"काय सापडलं? बकरी तर मेलेली आहे. पळून कुठं जाणार होती?"

"ती काहून मेली ते सापडलं. चल."

चंद्रपूरच्या त्या वृक्क संशोधन केंद्रात दहा वर्षं एकाच वस्तूवर काम चाललं होतं. माणसाच्या पोटात बसवायचं, जिवंत पेशींचं, मुठीएवढं कृत्रिम मूत्रपिंड. विशाखानं त्याला नाव दिलं होतं 'पारखी'. केंद्रासाठी शहर असं निवडलं होतं, की रोगी शोधायला लांब जावं लागू नये. उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो, भोवती उघड्या कोळसा खाणी, आणि त्या खाणींत आठ-आठ तास भाजून निघणारी माणसं. घाम जातो, प्यायला पाणी पुरत नाही, आणि पस्तिशीतला गडी एक दिवस सुजल्या तोंडानं दवाखान्यात येऊन उभा राहतो. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. कागदावर डॉक्टर लिहितात, 'कारण अज्ञात'. अज्ञात कसलं डोंबलाचं? कारण रोज सकाळी सहाच्या पाळीला डबा हातात घेऊन खाणीत उतरताना अख्ख्या गावाला दिसत होतं.

संचालक डॉ. हरकरे तेवढ्यात आलेच. एकेकाळी ते चांगले शल्यविशारद होते. आता फक्त बैठका घेत.

"थोडक्यात सांगा. चार वाजता खाण कंपनीच्या लोकांना तोंड द्यायचंय. पैसा त्यांचा आहे. मूत्रपिंड म्हणजे गाळणी. तुमची गाळणी फाटली का?"

"गाळणी नाही सर," विशाखा म्हणाली. "गाळणीला अक्कल लागत नाही. दिवाळीच्या आधी घर कसं आवरतात? सगळं सामान अंगणात काढतात. गाद्या, पेट्या, भांडी, सगळं. मग एकेक वस्तू हातात घेऊन बघतात. आपली आहे का? लागते का? किती लागते? तेवढीच आत नेतात. अंगणात उरला तो कचरा. मूत्रपिंड हे काम दिवसातून साठेक वेळा करतं. रोज एकशेऐंशी लिटर पाणी रक्तातून अंगणात काढतं, आणि दीडेक लिटर सोडून बाकीचं पुन्हा मोजून आत घेतं."

"म्हणून त्याला विषांची यादी पाठ करावी लागत नाही," नौशाद म्हणाला. पेशींसाठी सांगाडा विणणारा हा अभियंता बोलताना शर्टावरचा चहा पुसत होता. "विषं हजार, उद्या एखादं नवं निघेल. त्याला यादी लागते ती फक्त आपल्या वस्तूंची."

"मग बकरीच्या यादीत काय चुकलं?"

"पारखीच्या पेशी कोऱ्या असतात," विशाखा म्हणाली. "ज्याच्या पोटात बसवल्या, त्याच्याच रक्ताकडून त्या शिकतात. पाणी कमी पडलं की पाणी आत ओढायची दारं बांधतात. जास्त झालं की सोडून द्यायची दारं बांधतात. आपली चूक ही, की त्यांचं शिकणं थांबतच नव्हतं. अकरा नंबरला जखम झाली म्हणून दोन दिवस सलाईन लावलं होतं. पेशींना वाटलं, या घरात पाण्याला तोटा नाही. आत ओढायची दारं त्यांनी पाडून टाकली. सलाईन निघालं, पण दारं परत बांधून होण्याआधी बकरी संपली. टाकीतलं पाणी पीत होती आणि मुतत होती. पीत होती आणि मुतत होती."

हरकऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "उपाय?"

"कुलूप. चाळीस दिवस शिकू द्यायचं. तो ओळखकाळ. मग एक औषध टोचायचं, की दारं जिथं आहेत तिथं कायमची पक्की. पुन्हा बांधणं नाही, पाडणं नाही. दोन दिवसांच्या आजारपणानं आयुष्याचा धडा बदलायला नको."

"आणि त्या चाळीस दिवसांतच चुकीचं शिकल्या तर?"

विशाखा हसली. हे हसणं तिला पुढं फार दिवस आठवणार होतं. "सर, चाळीस दिवसांत माणूस जेवेल, पाणी पिईल, घामेजेल, एखाद्या दिवशी उपाशी राहील. पेशी पूर बघतील आणि दुष्काळही बघतील. चाळीस दिवस स्वतःचंच सोंग आणणार कोण?"

*

सोंग आणणारा माणूस तळमजल्यावर, खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. देवाजी रामटेके, विशाखाचे वडील. तीस वर्षं खाणीत साठ टनी डंपर चालवला आणि आता सहा वर्षं डायलिसिसवर होते. डायलिसिसच्या सुयांसाठी जोडलेली डाव्या हाताची शीर फुगून दोरासारखी झालेली. तिच्यावर बोट ठेवलं की आत इंजिन चालू असल्यासारखी घरघर लागायची. देवाजी ती नव्या रोग्यांना हौसेनं दाखवत. "पाहा, न्यूट्रलमधी हाय अजून."

मूत्रपिंड गेलेल्या माणसाला लघवी होत नाही. प्यालेलं पाणी अंगातच राहतं. पाय सुजतात, मग पोट, आणि शेवटी पाणी फुप्फुसात चढून माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. म्हणून वॉर्डात आल्याबरोबर आधी वजन. जास्तीचं पाणी काढून उरतं ते 'कोरडं वजन'. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत लोक तीन-तीन, चार-चार किलो पाणी साठवून आणत आणि नर्सची बोलणी खात. देवाजी किलोच्या वर कधी गेले नाहीत. दिवसाला अर्धा लिटर, त्यात चहाही आला. तोंडात चिंचोका धरायचा, ओठांवर ओलं फडकं ठेवायचं. कुणाकडे गेलं की आधी पाण्याचा गडवा पुढं येतो, त्याला नाही म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. देवाजी गडवा दोन्ही हातांत घेत, ओठाला लावत, आणि तसाच भरलेला परत देत. मान राहिला, पाणीही राहिलं.

"देवाजीकाकांकडून शिका जरा," नर्स सगळ्यांना म्हणायची.

"शिकतो ना," शेजारच्या खुर्चीतली बेबीनंदा कुळमेथे म्हणायची. अंगणवाडीची बाई, जीभ कातरीसारखी. "पण काका माणूस कुठं हायेत? ते उंट हायेत. मले ताक दिसलं का माह्या हाताले ब्रेकच लागत नाही."

"ब्रेक हाताले नसते बाई, मनाले असते."

"बसा मग ब्रेक दाबून! मेल्यावर तुमच्या तोंडात गंगाजळ घालाले गेलं, तरी म्हणाल, थांबा, अर्धा लिटर झालं माह्यं."

वॉर्ड हसायचा. हसताना खोकला यायचा, कारण निम्म्यांच्या फुप्फुसांत पाणी होतं.

पहिल्या सोळा माणसांत देवाजींचं नाव होतं, बेबीनंदाचंही. मुलगी म्हणून विशाखानं वडिलांचं नाव घुसवलं असं कुणी म्हणालं नाही. सहा वर्षं इतक्या शिस्तीत काढलेला माणूस आधी नाही घ्यायचा, तर कुणाला घ्यायचा?

शस्त्रक्रियेनंतर विशाखानं सोळाही जणांना एकत्र बसवून सांगितलं. डायलिसिस आजपासून बंद. पथ्य बंद. पुढचे चाळीस दिवस निरोगी माणसासारखं खा, प्या.

"ताक?" बेबीनंदानं विचारलं.

"ताक."

"आंबा?"

"आंबाही."

"मॅडम, अजून एक डाव म्हणा ना. कानात साठवून ठेवते. कानात साठवलेल्याचं वजन तर नाही ना होत?"

देवाजी पोटावरच्या पट्टीवर हात ठेवून बसले होते. एखाद्याच्या घरचं लेकरू मांडीवर दिलं की माणूस बसतो, तसे.

"बाबा, समजलं ना?"

"समजलं ना माय. मी का लहान हावो?"

*

ओळखकाळ इतका सुरळीत गेला, की नौशाद अस्वस्थ झाला.

"एकालाही काही झालं नाही. रक्त बघ. आरशासारखं. सोळा माणसं आंबे खातायत, ताक पितायत आणि एकाच्याही अंगावर सूज नाही?"

"तुला नजर लावायची सवयच आहे," विशाखा म्हणाली.

पारखीतला संवेदक रक्तातलं मीठ मोजत होता, क्षार मोजत होता, दाब मोजत होता. माणूस काय पितो ते मोजायची सोय त्यांनी केली नव्हती. विचारलं की लोक सांगतात, त्यात मोजायचं काय?

संध्याकाळी ती खाणीच्या जुन्या वसाहतीत वडिलांकडे जायची. देवाजी ओसरीवर बसलेले असत, शेजारी रिकामा गडवा. "पेलो ना. दोन गडवे झाले." अंगणात मे महिन्यानं सगळं जाळून टाकलं होतं. कढीपत्ता वाळला होता, पेरूची पानं करपली होती. एकट्या मोगऱ्याला मात्र कळ्या मावत नव्हत्या. विशाखानं चार फुलं तोडून केसांत माळली. शरीरशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली बाई, बिनपाण्याच्या अंगणात मोगरा कसा फुलतो हे तिला विचारावंसं वाटलं नाही. शिकलेल्या माणसाला जे हवं असतं, तेच त्याला दिसतं.

एकेचाळिसाव्या दिवशी कुलूप घातलं. केंद्राच्या अंगणात मंडप, खाणवाल्यांचा फलक, वार्ताहर. देवाजींच्या हातात माठातल्या पाण्यानं भरलेला पितळी गडवा दिला. त्यांनी सवयीनं तो ओठाला लावला आणि परत द्यायला हात पुढं केला. लोक हसले.

"प्या बाबा," विशाखा म्हणाली. "आता पूर्ण प्या."

देवाजींनी तिच्याकडे बघितलं. मग मान मागं टाकली आणि गडवा तोंडाला लावला. गळ्याची घाटी वर-खाली होत राहिली. सहा वर्षांची तहान होती ती. गडवा रिकामा झाल्यावर त्यांनी तो उलटा करून दाखवला.

"कसं वाटलं?" एका वार्ताहरानं विचारलं.

"माठ नवा दिसते," देवाजी म्हणाले. "गार नाही तितका."

*

आठवडा व्हायच्या आत त्यांना धाप लागून आणलं. पावलं फुगलेली, नडगीवर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. विशाखानं त्यांना जुन्याच खुर्चीत बसवलं, जुन्याच शिरेत सुई घातली आणि यंत्रानं अंगातलं साडेतीन लिटर पाणी ओढून काढलं. पोटात दहा वर्षांच्या मेहनतीचं मूत्रपिंड, आणि माणूस परत डायलिसिसच्या खुर्चीत.

"पारखी बंद पडलंय," ती म्हणाली.

"बंद?" नौशादनं पडदा तिच्याकडे वळवला. "माझ्या-तुझ्या मूत्रपिंडापेक्षा चांगलं चाललंय. युरिया बघ. पोटॅशियम बघ. विष कणभर नाही. फक्त पाणी आणि मीठ सोडत नाही. थेंब न् थेंब आत ओढतंय."

पेशींचा तुकडा काढून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाणी आत ओढायची दारं होती, दाटीवाटीनं, चाळीतल्या खोल्यांसारखी. सोडून द्यायची दारं विशाखा शोधत राहिली. काच सरकवली, दुसरा तुकडा घेतला.

"मोडली असतील," ती म्हणाली.

"मोडल्याची खूण राहते," नौशाद हळूच म्हणाला. "ही बांधलीच गेली नाहीत. या पेशींनी पूर बघितलाच नाही विशाखा. चाळीस दिवसांत एकदाही नाही."

दुपारपर्यंत आणखी चौघं आले. संध्याकाळी बेबीनंदा आली, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. धापेतही तिची जीभ चालू होती. "काका, तुमच्या नादानं मी चाळीस दिवस ताक सोडलं, आता कुठं पेली, अन् तरी इथंच आली पाहा!"

विशाखाच्या हातातली नळी तशीच राहिली. "ताक सोडलं म्हणजे?"

बेबीनंदानं देवाजींकडे बघितलं. देवाजी भिंतीकडे बघत होते.

"सांगा ना काका. का मी सांगू? मॅडम, काकांनी आम्हा साऱ्यांना सांगितलं होतं. नवं इंजिन हाय, पहिले हळू चालवा, लोड टाकू नका. डाक्टरलोक म्हणतीलच खा-प्या, त्यांचा जीव मोठा असते. पण वस्तू आपली हाय, आपण जपाची. म्हणून आम्ही आधीसारखंच अर्धा लिटरवर राहिलो. साऱ्यांनी. काकांचं कोण मोडते?"

"बाबा?"

देवाजी बोलले तेव्हा आवाज असा, की पाळी संपल्यावर मुकादमाला हिशेब देतायत.

"डंपर नवा आला का आम्ही पहिला महिना पाऊण लोडवर चालवत होतो. इंजिन बसू द्यावं लागते. ज्यानं पहिल्याच दिवशी दाबून भरला, त्याचा दोन वर्षांत भंगारात गेला. माह्या हातचा बावीस वर्ष चालला. तू दहा वर्ष खपली, पोरी. तुह्या आईच्या तेरवीलेही घाईघाईत आली अन् गेली, या यंत्रापायी. अन् मी त्याच्यावर पहिल्याच दिवशी आंबे अन् ताक टाकू? मन नाही झालं."

"मला खोटं का सांगितलं मग? रिकामा गडवा दाखवत होते रोज."

"तुले वाईट वाटलं असतं. म्हणून मोगऱ्याले टाकत होतो."

विशाखा त्यांच्यासमोर खाली फरशीवरच बसली. "बाबा, ते इंजिन नव्हतं. ते शिकत होतं. तुमच्या घराची रीत काय, ते बघत होतं. तुम्ही त्याला चाळीस दिवस शिकवलं, की या घरात पाणी नसते. आलं तर सोडायचं नाही."

देवाजींनी पोटावर हात ठेवला. खूप विचार करून म्हणाले, "मंग आता सांग ना त्याले. का आता पाणी हाय म्हणून."

"आता ते ऐकत नाही."

"काहून?"

विशाखानं हातातली नळी खाली ठेवली. कुलूप तिनं घातलं होतं. ते काढायचं औषध बनवायचंच नाही, असं तिनंच ठरवलं होतं. आणि पारखी काढून दुसरं बसवावं, तर त्याच्या पेशींत रक्तवाहिन्या एव्हाना अशा विणल्या गेल्या होत्या, की सोडवताना माणूस टेबलावरच राहिला असता.

"म्हणजे अर्धा लिटर," देवाजी म्हणाले.

"अर्धा लिटर. घाम गेला तर जेवढा गेला तेवढं वर. बाकी सगळं ठीक आहे बाबा. खुर्ची नको, सुई नको. अर्ध्या लिटरवर राहिलात, तर हे तुम्हाला वीस वर्षं जगवेल."

"वीस वर्ष," बेबीनंदा म्हणाली. "बाप्पा! एवढी?"

*

हरकऱ्यांनी बैठक बोलावली, तेव्हा विशाखा राजीनामा घेऊन गेली होती. सोळापैकी सोळा, यापेक्षा स्वच्छ अपयश विज्ञानात मिळत नाही. टेबलाच्या पलीकडे खाण कंपनीचा सुरक्षा अधिकारी बसला होता. इस्त्रीचा शर्ट, समोर पाण्याची बाटली. तो घाबरलेला दिसत नव्हता. खूश होता.

"मला नीट कळू द्या," तो म्हणाला. "या माणसांना लघवीला जावं लागत नाही?"

"दिवसातून एकदा. कपभर."

"आणि उन्हात, पाण्यावाचून आठ तास काढले, तर यांचं मूत्रपिंड खराब होईल? आमच्या कामगारांचं होतं तसं?"

"नाही," नौशाद म्हणाला. त्यानं खरं ते सांगितलं, आणि सांगितल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्यानं काय सांगितलंय. "हा सांगाडा सुकत नाही. या पेशी दुष्काळातच वाढल्यात."

"मग कामगाराला होतं काय?"

"तहान लागते," विशाखा म्हणाली. "तहान मूत्रपिंडाला लागत नाही, मेंदूला लागते. ती आम्ही काढलेली नाही. हा माणूस जिवंत असेपर्यंत तहानलेला राहील."

"तहान हा काही आजार नाही मॅडम," अधिकारी म्हणाला, आणि बाटलीतलं पाणी प्यायला.

मग त्यानं कंपनीचा प्रस्ताव सांगितला. मूत्रपिंडं गेलेले दोनशे कामगार कंपनीच्या माथी आहेत. दोनशेही जणांना कंपनी पारखी देईल. अट दोन ओळींची होती. ओळखकाळ कोरडा काढायचा, आणि बरा झालेला माणूस कामावर परत यायला हवा.

"त्यापेक्षा खाणीत पाणी द्या ना!" विशाखा उभी राहून ओरडली. "सावली द्या! दुपारची पाळी बंद करा! त्याला पेशी लागत नाहीत, सांगाडे लागत नाहीत. एक टँकर लागतो!"

"टँकर रोज लागतो," अधिकारी शांतपणे म्हणाला. "हे एकदाच."

"मग निदान नीट शिकू द्या. तेच यंत्र, तेवढाच खर्च. चाळीस दिवस पोटभर पाणी."

"आणि मग ते तुमच्या-माझ्यासारखे होणार. पाणी मागणार, आडोशाला जाणार, पुन्हा सुकणार. त्यात कंपनीचा फायदा काय?"

हरकरे वाईट माणूस नव्हते, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. त्यांनी विचारलं, "विशाखा, जिल्ह्यात डायलिसिसच्या खुर्च्या किती आहेत?"

"बत्तीस."

"त्यावर बसतात किती? सव्वाशे. हे दोनशे त्यात नाहीत. ते काय करतात?"

तिनं राजीनाम्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मरतात," ती म्हणाली.

"मग?"

तिनं कंपनीच्या प्रस्तावावर सही केली. कथांमधली माणसं अशा वेळी कागद फाडतात. विशाखा रामटेकेनं तो वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि सही केली. मेलेल्या माणसाला तहान लागत नाही हे खरं असलं, तरी दोनशे घरांत जाऊन ते कुणी सांगायचं?

"एकच अडचण," अधिकारी कागद उचलताना म्हणाला. "चाळीस दिवस पाणी तोडणं सोपं नाही. लोक चोरून पितात. त्यांना ही शिस्त शिकवायला कुणीतरी हवं. स्वतः करून दाखवलेलं."

विशाखाला वाटलं, आता हरकरे तरी तिच्याकडे बघणार नाहीत. त्यांनी बघितलं.

*

पावसाळा आला आणि गेला. ऑक्टोबरच्या उन्हात विशाखा एकदाच ओळखकाळासाठी कंपनीनं उभारलेल्या शेडमध्ये गेली, नमुने घ्यायला. पत्र्याखाली सतरंजीवर तीसेक माणसं बसली होती, सगळ्यांच्या पोटाला पट्ट्या. समोर खुर्चीत देवाजी. कंपनीनं दिलेला निळा शर्ट, खिशावर नाव शिवलेलं. सहा वर्षांत तिनं त्यांना इतकं ताठ बसलेलं बघितलं नव्हतं.

"ओठ ओले करायचे, घसा नाही," ते सांगत होते. "चिंचोका चावायचा नाही, फिरवायचा. अन् पाण्याच्या गोष्टी करायच्या नाहीत. पाण्याची गोष्ट केली का पाणी अर्धं पेलंच समजा."

"काका, सवय होते का?" पुढच्या रांगेतल्या एकानं विचारलं. गालफडं बसलेली, वय तिशीचं असेल.

"नाही होत," देवाजी म्हणाले. "खोटं काहून सांगू? पण ब्रेक लागते."

दाराशी उभी असलेली विशाखा त्यांना दिसली. चेहरा उजळला. "ये, ये. माही पोरगी हाय बरं हे. तुमच्या पोटातली वस्तू हिनंच बनवली." मग मागं वळून शेडच्या रखवालदाराला म्हणाले, "अरे, मॅडम उन्हातून आल्या. पाणी दे ना."

पाहुण्याला आधी पाणी. त्या घराची ती रीत सुटली नव्हती.

गडवा आला. पितळी, काठोकाठ भरलेला, बाहेरून घामेजलेला. विशाखानं तो दोन्ही हातांत घेतला. ती खरंच तहानलेली होती. तिनं गडवा उचलला, तशी शेडमधली कुजबुज थांबली. तीस माणसांचे डोळे गडव्यावर होते आणि तीस गळ्यांच्या घाट्या एकदम वर-खाली झाल्या.

तिनं गडवा ओठाला लावला आणि तसाच भरलेला परत दिला.

"पाहा रे," देवाजी वर्गाला म्हणाले. आवाजात अभिमान मावत नव्हता. "असं."